मागच्या सीटवरचं सामान

नेव्हिल ट्रँटरला जाऊन सहा महिने झाले, तरी माझा त्याच्यावरचा राग उतरलेला नाही. मेलेल्या माणसावर रागावून काय उपयोग, असं माझी बायको व्हॅल म्हणते. उपयोग बघून रागावणारा माणूस मला अजून भेटायचाय. शिवाय त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे आणि तो कुठे ठेवावा ते कळत नाही, म्हणून हे लिहायला बसलो. गोष्ट मात्र नेव्हिलची नाही, माझीही नाही. त्याच्या बायकोची, नोलीनची आहे.

नोलीनला आमच्या डॅल्बी गावात सगळे ओळखतात, कारण निम्म्या डॅल्बीला तिनेच शाळेत पोचवलंय. सव्वीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. पाऊस झाला की आमची काळी माती चाकांना अशी धरते की ट्रॅक्टरवालेही घरी बसतात. तेव्हा ही पाच फुटी बाई पाठीशी उशी ठेवून, चाळीस पोरं घेऊन वेळेवर शाळेच्या फाटकात हजर असायची. तिचा बाप रोमा गावाच्या पलीकडे मेंढ्या पाळायचा आणि ती अकराव्या वर्षापासून मोटरसायकलवर बसून मेंढ्या वळायची. हे सगळं आम्हाला माहीत होतं. माहीत असून आम्ही जे वागलो त्याला काय म्हणावं, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

आमचा मोटरसायकल क्लब म्हणजे शेतकी प्रदर्शनाच्या मैदानामागची एक पत्र्याची शेड. आत बिअरचा फ्रीज, चहाचं मोठं भांडं, मोडक्या खुर्च्या आणि समोरच्या भिंतीवर तांबड्या लाकडाचा फळा. ज्याने खंडाची चारही टोकं मोटरसायकलवरून गाठली त्याचं नाव त्या फळ्यावर पितळी पाटीत लागतं. पूर्वेला केप बायरन, दक्षिणेला विल्सन्स प्रोमचं टोक, पश्चिमेला स्टीप पॉइंट आणि उत्तरेला केप यॉर्क. गाडी जाईल तिथपर्यंत गाडीने आणि पुढे पायी. प्रत्येक टोकावर क्लबच्या वहीत गाडी चालवणाऱ्याची सही, तारीख आणि एक फोटो. मागे बसलेल्याचं नाव लागत नाही. चाळीस वर्षांत सतरा पाट्या लागल्या, त्या सगळ्या मी कोरल्या. बाजारात माझं किल्ल्या बनवायचं आणि पाट्या, चषक कोरायचं दुकान आहे, आणि क्लबचा सेक्रेटरीही मीच.

निघण्याआधी भरायचा फॉर्मही मीच टाइप केलेला, एकोणनव्वद साली. त्यात शेवटी एक रकाना होता आणि गंमत म्हणून मी तो आधीच भरून ठेवला होता: ‘सामान: वळकटी, पाना-पक्कड, बायको.’ लोक खो-खो हसले. तो फॉर्म आजपर्यंत तसाच छापला गेला आणि दर वेळी कोणी ना कोणी त्यावर हसलं. मला त्या ओळीचा अभिमान होता, हेही सांगून टाकतो.

नेव्हिलची पाटी चौऱ्याण्णव सालची. नोकरीत दहा वर्षं पुरी झाल्यावर मिळणारी लांब रजा दोघांनी एकदम घेतली आणि यामाहावर निघाले, नेव्हिल पुढे आणि नोलीन मागे. परत आल्यापासून दर शुक्रवारी आम्ही वेनलॉक नदीची गोष्ट ऐकली. पाणी टाकीला लागलंय, खाली गोटे सरकतायत, आणि नेव्हिल गाडी हळूहळू काढतोय. गोष्ट चांगली सांगायचा तो. नोलीन मागे चहाच्या भांड्याशी उभी असायची, आणि गोष्ट नदीपाशी आली की कप विसळायला बाहेर जायची. मला वाटायचं, बाईला कंटाळा आला असेल.

नेव्हिल गेल्यावर आठवड्यात आमचा अध्यक्ष रेक्स दुकानात आला.

“वार्षिक सफरीला नेव्हचं नाव द्यायचं ठरलंय,” तो म्हणाला. “आणि मोठी पाटी. एक गाडी, एक माणूस, चार टोकं. खाली त्याची सही, वहीतली, जशीच्या तशी. जमेल ना?”

जमेल म्हणालो. हे काम मला आवडतं. कागदावरच्या सहीवरून सुई फिरवली की यंत्राच्या दुसऱ्या टोकाला तीच सही पितळेत उतरते. माणसाचा हात कुठे थांबला, कुठे दाबला, ते सुईला कळतं. मी काचेच्या कपाटातून चौऱ्याण्णवची वही काढली. पहिल्या तीन टोकांवरच्या सह्या म्हणजे मुंगी शाईत बुडून चालत गेलेली. चौथी, केप यॉर्कची, मात्र सुरेख होती, गोल आणि स्पष्ट. मी म्हटलं, टोक गाठल्याच्या आनंदात गड्याने जरा जीव लावून लिहिलंय. तीच ट्रेसिंगवर घेतली आणि दाखवायला नोलीनकडे गेलो.

ती स्वयंपाकघरात भांडी लावत होती. घरात माणूस गेलं की आमच्याकडे शेजारपाजार जेवण आणून देतो आणि भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर आपलं नाव लिहितो. अशी वीसेक भांडी टेबलावर पालथी घालून ती कोणाचं कुठलं ते बघत होती.

“ही सही घेतोय,” मी कागद पुढे केला. “चारातली सगळ्यात छान आलीय.”

तिने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

“छान येणारच. माझी आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी केलीय. नेव्हचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. सही काय पायाने करणार होता?”

मी खुर्ची ओढून बसलो. आणि मग माझ्या तोंडून जगातला सगळ्यात मूर्ख प्रश्न निघाला. “मग गाडी?”

“गाडी आपली आपण गेली,” ती म्हणाली. “कोल, उजव्या हाताशिवाय थ्रॉटल कसा पिळतात ते तूच सांग. सेक्रेटरी आहेस ना?”

स्टीप पॉइंट गाठून परत येताना नेव्हिल वाळूच्या टेकाडावर पडला होता. कार्नार्व्हनला मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांचं. दवाखान्याच्या पायरीवर बसून तो रडला. तीन टोकं झाली, एक राहिलं, आता रजा संपणार आणि जन्मात परत मिळणार नाही. नोलीनने त्याच्या खिशातून किल्ली काढली आणि म्हणाली, मागे बस. तिथून केप यॉर्क साडेसहा हजार किलोमीटर. यामाहा उंच, नोलीनची फक्त चवड्याची बोटं जमिनीला टेकायची, म्हणून थांबायचं झालं की ती दगड किंवा उंचवटा बघून थांबायची. सगळं वाळवंट, सगळी लाल धूळ, कच्च्या रस्त्यावर चाकांनी उठलेल्या त्या दात पाडणाऱ्या लाटा, सगळं तिने ओढलं.

“आणि वेनलॉक?”

“आधी मी पायी उतरले, कमरेएवढ्या पाण्यात. गोटे कुठे पक्के आहेत ते बघून आले, मग गाडी काढली. नेव्ह मागून चालत आला, प्लास्टर भिजू नये म्हणून हात डोक्यावर धरून. वर्गात उत्तर येणाऱ्या पोरासारखा.” ती हसली आणि हसता हसता तिने एक भांडं असं आपटलं की त्याचा कान तुटला. “ती नदी माझी होती, कोल. एकोणतीस वर्षं तो ती स्वतःची म्हणून तुम्हाला सांगत होता आणि मी बाहेर कप विसळत होते.”

“पण तू बोलली का नाहीस?”

“मी?” तिने चष्मा काढला. “परत आल्यावर पहिल्या शुक्रवारी त्याने गोष्ट सुरू केली तेव्हा तो ‘आम्ही’ म्हणाला. ‘आम्ही नदीत उतरलो.’ तेव्हा तुमच्यातलं कोणीतरी म्हणालं, ‘आम्ही कोण रे? तू आणि सामान?’ सगळी शेड हसली. कोण म्हणालं ते आठवतं?”

मला आठवत होतं. मीच.

“पुढच्या शुक्रवारी तो ‘मी’ म्हणाला,” नोलीन म्हणाली. “घरी आल्यावर भांडले. म्हणाला, पुढच्या शुक्रवारी सांगतो गं सगळ्यांना, आता लगेच सांगितलं तर माझी लाज जाईल. तो पुढचा शुक्रवार आलाच नाही. मग मी भांडायचं सोडलं. राग मात्र नाही सोडला. रोज त्याचा डबा भरायचे आणि रोज रागावलेली असायचे. चांगला नवरा होता, तसं काही नाही. पण खोटारडा होता.”

तेव्हा मला क्लबच्या भिंतीवरचा फोटो आठवला. केप यॉर्कच्या पाटीशेजारी नेव्हिल उभा, वर निळंभोर आभाळ, अंगात बनियन, आणि उजव्या हातावर रेनकोट. तो फोटो मोठा करून, चौकट घालून मीच लावला. एकोणतीस वर्षं रोज बघितला आणि एवढ्या उन्हात हा माणूस हातावर रेनकोट कशाला घेऊन उभा आहे, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. परत आल्यावर महिनाभर तो बिअर डाव्या हाताने प्यायचा. विचारलं तर म्हणाला, मुरगळलाय. आम्ही म्हटलं, बरं.

“आता काय करायचं?” मी विचारलं.

“माझं नाव लावायचं. दुसरं काही नको. सफरीला त्याचं नाव द्या, शेडला द्या, फ्रीजला द्या. पण जिथे मी गाडी नेली तिथे माझं नाव पाहिजे.”

मग तिने कपाटावरून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढून माझ्यासमोर उघडला. आत काय होतं ते पुढे सांगतो. डब्याबद्दल अवाक्षर काढू नको, असं तिने बजावलं, आणि मी तडक रेक्सकडे गेलो.

रेक्सने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“बाई दुःखात आहे, कोल. अशा वेळी माणसं काहीबाही बोलतात.”

“ती दुःखात नाही, संतापलीय. दोन्हीतला फरक तुला कळत नसेल तर तू घटस्फोटातून काहीच शिकला नाहीस.”

“बरं बरं. फॉर्मवर रायडर कोण? नेव्ह. आणि मागच्या माणसाचं नाव लागत नाही.”

“अरे, ती पुढे होती.”

“ते तू म्हणतोस. एकोणतीस वर्षांनी. नेव्ह उत्तर द्यायला आहे का इथे?” मग त्याने आवाज मऊ केला. “असं कर. खाली बारीक अक्षरात टाक, सोबत पत्नी नोलीन. तीही खूश, आपणही खूश.”

माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून तिथेच आहे. सोबत! साडेसहा हजार किलोमीटर ओढणाऱ्या बाईला सोबत! मी म्हटलं, ती पाटी तू स्वतः कोर, दातांनी कोर, माझ्या दुकानात कोरली जाणार नाही. रेक्स म्हणाला, समिती बघून घेईल. समितीने टूवूंबाच्या एका दुकानातून पाटी करून घेतली आणि त्यावर वहीतली तीच सुरेख सही घातली. मी रेक्सला सांगितलं होतं की ती सही नोलीनची आहे. तो म्हणाला, दिसायला चांगली आहे ना, झालं तर.

रविवारी दुपारी पाटी लावायचा कार्यक्रम होता. साठेक माणसं आली. बाहेर सॉसेज भाजत होते, माशा घोंगावत होत्या. आमच्याकडे अशा कार्यक्रमाला बायकांनी एकेक पदार्थ आणायचा असतो आणि पुरुषांनी भूक. लांब टेबलावर केक, स्कोन, अंडी घातलेलं बटाट्याचं सॅलड मांडून ठेवलेलं. नोलीन आली आणि तिने सगळ्यांच्या मधोमध तो पत्र्याचा डबा ठेवला. सगळ्यांना वाटलं नेहमीचे लॅमिंग्टन असणार, खोबऱ्यात घोळवलेले केकचे तुकडे. तिचे लॅमिंग्टन गावात प्रसिद्ध आहेत. रेक्सनेच हात पुढे करून झाकण काढलं.

आत प्लास्टर होतं. नेव्हिलच्या हाताचं, केर्न्सला कापून काढलेलं, पिवळं पडलेलं, कुबट वासाचं. हाडाचं प्लास्टर दिसलं की त्यावर सही केल्याशिवाय आमच्या माणसांना राहवत नाही, ओळख असो नसो. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने त्यावर काही ना काही लिहिलं होतं. मनगटापासून कोपरापर्यंत जागा उरली नव्हती.

“हे काय आहे, नोल?” रेक्स म्हणाला.

“क्लबची वही,” नोलीन म्हणाली. “खरी. वाच. तुझा आवाज मोठा आहे.”

“आत्ता? कार्यक्रमानंतर बघू की आपण.”

“आत्ता वाच, रेक्स. तू पाचवीत असताना बसमध्ये ओकला होतास, तेव्हाही मी नंतर बघू म्हणाले नव्हते.”

माणसं हसली आणि रेक्सला वाचावं लागलं. फिट्झरॉय क्रॉसिंगच्या पंपावरच्या बाईने लिहिलं होतं, आठ जुलै, ‘लवकर बरा हो, आणि बायकोला आज स्टेक खाऊ घाल, दिवसभर तीच राबलीय.’ नॉर्मन्टनच्या कोणा ट्रकवाल्याने तारीख घालून लिहिलं होतं, ‘तुझ्या ड्रायव्हरने मला ओव्हरटेक केलं. माझं तोंड धुळीने भरलं. शाब्बास बाई.’ कोएनच्या नर्सने लिहिलं होतं, ‘हात हलवू नको, तोंड कमी हलव.’ रेक्सचा आवाज बारीक होत चालला होता. मग तो थांबला.

“पुढे,” नोलीन म्हणाली.

“जार्डिन नदीची फेरीबोट,” रेक्सने वाचलं. “एक ऑगस्ट चौऱ्याण्णव. बाई, गाडी झकास चालवतेस. मागचं सामान फार बडबड करतं, दोरी घट्ट बांध.”

कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि एकट्यानेच हसतोय हे कळून थांबलं. फेरीबोटवाल्याला आमच्या फॉर्मवरची गंमत नेव्हिलनेच सांगितली असणार. माझीच गंमत, खंडाच्या पार उत्तर टोकाला जाऊन परत आलेली.

“त्याच्या खाली,” नोलीन म्हणाली.

खाली वाकडीतिकडी, मोठी अक्षरं होती. डाव्या हाताने लिहिलेली. रेक्सने ती वाचायला बराच वेळ घेतला.

“सामानाला मान्य आहे. नेव्ह.”

त्या क्षणी मला नेव्हिलचा जो संताप आला तसा कोणाचाच आला नव्हता. म्हणजे त्याला येत होतं. मोकळेपणाने, हसत, स्वतःच्या हाताने लिहिता येत होतं. नदीवर मर्द होता तो. आमच्या शेडमध्ये आला आणि आमच्या एका हसण्याने त्याची हवा गेली. आणि हसलो आम्ही, हे मी किती वेळा लिहिलं तरी ते बदलणार नाही.

रेक्सने घसा साफ केला. “ठीक आहे. नेव्हिल आणि नोलीन ट्रँटर, असं करू. नवीन पाटी करू. सगळ्यांना मान्य?”

“मला नाही,” नोलीन म्हणाली. “तीन टोकं त्याने केली. मी मागे बसले होते, मागच्याचं नाव लागत नाही. चौथं मी केलं. तो मागे बसला होता. तीन टोकांना पाटी लागते का रेक्स?”

“नाही, पण…”

“मग नवी लावूच नको, आणि जुनीही काढ.”

“नोल, मेलेल्या माणसाची पाटी काढायची? लोक काय म्हणतील?”

“नियम तुमचे आहेत. मी एकोणतीस वर्षं पाळले. आता तुम्ही पाळा. कोल, स्क्रू ड्रायव्हर आण.”

स्क्रू ड्रायव्हर माझ्या खिशातच होता. फळ्यावरचे ते चार स्क्रू मीच चौऱ्याण्णवमध्ये आवळले होते, गंजलेही नव्हते. कोणी मदतीला आलं नाही. दोघे-तिघे आपल्या बायकांना घेऊन निघून गेले, जाताना आणलेला केकही घेऊन गेले. एकजण माझ्या कानाशी म्हणाला, लाज वाटत नाही का? मी म्हटलं, वाटते, म्हणून तर काढतोय. पाटी निघाल्यावर लाकडावर तेवढाच चौकोन मूळच्या रंगाचा राहिला, तो अजून तसाच आहे. रेक्स त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही आणि दुसऱ्या दुकानातून किल्ल्या करून घेतो.

नोलीनने पाटी पुसून पर्समध्ये टाकली. “फॉर्म दे एक,” ती मला म्हणाली.

मी कपाटातून कोरा फॉर्म काढून दिला. ती सॅलडच्या भांड्याशेजारी जागा करून बसली आणि त्या गोल, स्पष्ट अक्षरात लिहू लागली. रायडर: नोलीन ट्रँटर. उत्तर टोक: दोन ऑगस्ट १९९४. बाकीच्या तीन टोकांसमोर तिने काही लिहिलं नाही, नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाली, “बायरन जवळच आहे. गुडघा बरा असला तर पुढच्या महिन्यात.” मग ती सगळ्यात खालच्या रकान्यावर आली. माझ्या रकान्यावर. ‘वळकटी, पाना-पक्कड, बायको.’ तिने ‘बायको’ या शब्दावर एकच आडवी रेघ मारली, इतकी दाबून की कागद फाटला, आणि शेजारी लिहिलं, ‘नेव्हिल’.

फॉर्म माझ्यापुढे सरकवून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

“हस आता, कोल,” ती म्हणाली.